आत जाणारी वाट : गॉथिक कादंबरीतील बंदिनी आणि दस्तऐवज

गॉथिक कादंबरीच्या कथानकाचा गोषवारा देताना 'दुष्ट उमरावाच्या गढीत अडकलेली निराधार तरुणी' एवढे म्हणून थांबण्याचा प्रघात आहे. हे वर्णन चुकीचे नाही. परंतु या कथानकाची गती त्यातून निसटते. ही तरुणी अडकलेली असते, पण बसून राहत नाही. ती चालते, आणि चालते ती बाहेरच्या दरवाजाकडे क्वचितच. हातात विझू पाहणारा दिवा, पाय लटपटत असलेले, अशा अवस्थेत ती जिने चढते, बंद दालनांची कवाडे ढकलते, पडदे बाजूला सारते आणि गढीच्या अधिकाधिक आतल्या भागात शिरत जाते. भय वाढत असताना पाऊल मागे न येता पुढे का पडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाची दोन उत्तरे परिचित आहेत. पहिले तांत्रिक : नायिका आपल्या खोलीत बसून राहिली तर कादंबरी पुढे सरकणार नाही. दुसरे मनोविश्लेषणवादी : गढी म्हणजे अबोध मन किंवा हरवलेल्या मातेचा देह, आणि आत जाणे म्हणजे दडपलेल्याकडे परतणे. पहिले उत्तर खरे आहे, पण क्षुल्लक आहे. दुसऱ्या उत्तराने काही उत्तम समीक्षा दिली हे मान्य करूनही, ते कोणत्याही काळातील कोणत्याही गढीला सारखेच लागू पडते हा त्याचा दोष नजरेआड करता येत नाही. १७६४ ते १८९७ या कालखंडात या प्रसंगाचे जे विशिष्ट रूप घडले आणि पालटले, त्याचा उलगडा त्यातून होत नाही. या वाटेच्या शेवटी बहुधा एक कागद असतो, असे माझे म्हणणे आहे. कधी तो मृत्युपत्र असतो, कधी मृताचे आत्मनिवेदन, कधी सही न झालेला दस्त. बंदिनी ज्या अंधारात शिरते तो मालकीहक्काच्या पूर्वेतिहासाचा अंधार आहे.

'गढी' हा शब्द येथे जाणीवपूर्वक योजला आहे. 'किल्ला' म्हटले की मराठी वाचकाच्या मनात वेढा, चढाई, फितुरी असे सार्वजनिक इतिहासाचे संदर्भ जागे होतात. किल्ला बाहेरून घ्यावयाचा असतो. गॉथिक वास्तू मुळात घर आहे. तिथे शयनगृहे आहेत, पूर्वजांच्या तसबिरी आहेत, बडबड्या दासी आहेत. तिचा धनी हा सेनापती असण्याआधी कुटुंबप्रमुख असतो, आणि बंदिनीवर त्याची सत्ता चालते ती नातेसंबंधाच्या बळावर.

भयाच्या स्वरूपाबद्दलही आधी थोडे बोलले पाहिजे. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त भयानक रसाचे जे विवेचन केले आहे त्यात कंप, वैवर्ण्य, स्वेद, गद्गद स्वर, दिशांकडे भांबावून पाहणे हे अनुभाव येतात. शंका, आवेग, संमोह, ग्लानी, दैन्य इत्यादी व्यभिचारी भाव येतात. या यादीत औत्सुक्य नाही. ('आदी' म्हणून त्याने वाट मोकळी ठेवली आहे, हे खरे.) भयाचा आश्रय म्हणून त्याने स्त्री आणि नीच प्रकृतीची पात्रे सांगितली आहेत. गॉथिक कादंबरीतही आश्रय स्त्रीच आहे आणि वरील अनुभावही सर्व आहेत. पण त्यांच्या जोडीला औत्सुक्य येते आणि ते भयाला गतिमान करते. अ‍ॅन रॅडक्लिफला हा भेद सैद्धांतिक पातळीवरही जाणवला होता. तिच्या मृत्यूनंतर १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या संवादरूप लेखात तिने भीती आणि बीभत्स भय यांत फरक केला आहे : पहिली चित्ताचा विस्तार करते, शक्ती जागवते, दुसरे चित्ताला आक्रसून गोठवते. गोठलेला माणूस चालू शकत नाही. रॅडक्लिफची नायिका चालू शकते, कारण तिला अजून काही जाणून घ्यावयाचे असते.

आरंभ मात्र वेगळा आहे. हॉरेस वॉल्पोलच्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो'ची पहिली आवृत्ती १७६४ च्या डिसेंबरात एका जुन्या इटालियन ग्रंथाचा अनुवाद म्हणून निघाली. 'गॉथिक' हे विशेषण दुसऱ्या आवृत्तीच्या उपशीर्षकात आले. म्हणजे या प्रकाराचा पहिला ग्रंथच एक बनावट दस्तऐवज होता. त्यातील इझाबेला आत जात नाही, पळते. नियोजित वर अवाढव्य शिरस्त्राणाखाली चिरडून मेल्यावर त्याचा बाप मॅनफ्रेड स्वतःच तिच्याशी लग्न करू पाहतो, तेव्हा ती गढीखालच्या भुयारातून चर्चच्या आश्रयाला निघते. वाऱ्याच्या झोताने तिचा दिवा विझतो तो प्रसंग पुढे शेकडो कादंबऱ्यांनी उसना घेतला. पण तिचे भुयार बाहेर नेणारे आहे. कागद येथेही आहेत, मात्र ते पुरुषांच्या ताब्यात आहेत. मॅनफ्रेडच्या आजोबाने खऱ्या धन्याला विष देऊन खोट्या मृत्युपत्राच्या आधारे राज्य बळकावलेले असते, आणि शेवटी मॅनफ्रेड राज्यत्यागाच्या कागदावर सही करतो. भुतांचा एवढा खटाटोप झाल्यावर हक्क परत मिळतो तो एका सहीने! वॉल्पोलच्या कादंबरीकडे अलौकिकाचा खेळ म्हणून पाहणाऱ्यांनी या शेवटाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते.

वाटेची दिशा उलटी केली ती रॅडक्लिफने. 'द रोमान्स ऑफ द फॉरेस्ट' (१७९१) मध्ये पडक्या मठात आश्रयाला राहिलेली अ‍ॅडेलीन भिंतीवरच्या कापडामागे दडलेला दरवाजा शोधून काढते. त्यापलीकडच्या दालनांत तिला एक गंजलेला खंजीर आणि कागदांची गुंडाळी सापडते. दमटपणाने काही अक्षरे पुसली गेली आहेत. दिव्याच्या अपुऱ्या उजेडात, थांबत थांबत, ती वाचते. तिथेच कोंडून मारल्या गेलेल्या एका माणसाचे ते निवेदन असते, आणि तो माणूस तिचाच पिता होता हे पुढे उघड होते. त्याला मारविणारा त्याचा भाऊ आता तिच्या मागे लागलेला उमराव आहे, आणि ज्या संपत्तीच्या बळावर तो हे करतो तिची खरी वारस तीच आहे. येथे एक नवी गोष्ट घडली. बंदिनी वाचक झाली. आणि तिने वाचले ते स्वतःच्या हक्काचे प्रास्ताविक होते, अर्थात वाचताना तिला ते ठाऊक नव्हते.

तीन वर्षांनी आलेल्या 'द मिस्टरीज ऑफ यूडॉल्फो'त (१७९४) ही रचना पूर्णत्वास गेली. चार खंडांच्या या कादंबरीसाठी प्रकाशकाने पाचशे पौंड मोजले होते. कथाकाळ १५८४ चा, स्थळ फ्रान्स आणि इटली. पण त्यातील कायद्याची भाषा रॅडक्लिफच्या काळातील इंग्रज वाचकाला अजिबात परकी वाटली नसणार. पोरकी एमिली सेंट ऑबर आत्याच्या ताब्यात जाते, आत्या मॉन्टोनी नावाच्या इटालियनाशी लग्न करते, आणि तो दोघींना अ‍ॅपेनाइन पर्वतातील आपल्या गढीत नेऊन ठेवतो. एमिलीला मिळालेल्या खोलीला एक जादा दरवाजा आहे. त्याला तिच्या बाजूने कडी नाही, पलीकडच्या बाजूने मात्र दोन आहेत. बंदिवासाची याहून नेमकी व्याख्या मला अन्यत्र आढळलेली नाही. तिला कोंडता येते, पण तिला स्वतःला आतून बंद करून घेता येत नाही.

मॉन्टोनीला हवे काय असते? वासनांध खलनायकाच्या साच्यात तो बसत नाही. एमिलीच्या देहाबद्दल तो जवळजवळ उदासीन आहे. त्याला पत्नीची फ्रान्समधील मालमत्ता हवी आहे. ती मिळण्यासाठी तिची सही लागते, कारण ती मालमत्ता तिने स्वतःच्या नावे राखून ठेवली आहे. येथे थोडे कायद्यात शिरणे भाग आहे. ब्लॅकस्टोनने आपल्या भाष्याच्या १७६५ च्या पहिल्या खंडात मांडल्याप्रमाणे इंग्लंडच्या 'कॉमन लॉ'नुसार विवाहानंतर पती आणि पत्नी ही एकच व्यक्ती ठरे, आणि स्त्रीचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व त्या काळापुरते स्थगित होई. तिची जंगम मालमत्ता पतीची होई. स्थावराचे उत्पन्न त्याच्या हाती जाई, मात्र तिच्या संमतीवाचून त्याला ते कायमचे विकता येत नसे. याला पर्याय म्हणून समन्यायाच्या न्यायालयांनी विवाहपूर्व कराराने राखलेल्या स्वतंत्र संपत्तीची सोय मान्य केली होती. मराठी वाचकाला येथे स्त्रीधनाची आठवण होईल. साम्य मर्यादित आहे, पण अगदीच फसवे नाही. या सोयीमुळे श्रीमंत घरातील विवाहितेच्या हाती एक विलक्षण वस्तू आली : जी पतीला हवी आहे, जी तो स्वतः निर्माण करू शकत नाही, आणि जी तिच्याकडून दमदाटीनेच काढून घ्यावी लागते अशी तिची सही. गॉथिक गढी ही दमदाटी करण्याची जागा आहे. बंदिनीला ठार मारून भागत नाही, कारण मेलेला हात लिहीत नाही. तिला सोडूनही भागत नाही. म्हणून तिला ठेवून घ्यावयाचे आणि घाबरवायचे.

आता एमिलीच्या चालण्याकडे पाहू. सही नाकारल्यामुळे आत्याला पूर्वेच्या बुरुजात कोंडले जाते, आणि एमिलीच्या सर्वांत भयंकर फेऱ्या आत्याच्या शोधासाठी आहेत. एका रात्री ती बुरुजाच्या जिन्यावर रक्ताचे डाग पाहते. दुसऱ्या रात्री बार्नार्डीन या पहारेकऱ्यामागोमाग ती अशा दालनात जाते की जिथे छळाची लोखंडी खुर्ची आहे आणि पडद्यामागे प्रेत आहे. ते प्रेत आत्याचे नसते, एका सैनिकाचे असते, असे मागाहून कळते. रॅडक्लिफच्या या 'उलगडून दाखविलेल्या' अद्भुताची पुष्कळ टिंगल झाली आहे. परंतु भयाचा उलगडा झाल्यावर मागे काय उरते, हे टिंगल करणाऱ्यांनी पाहिले नाही. भूत खोटे ठरते. आत्या खरोखरच बुरुजात असते, आणि उपेक्षेने व आजाराने खरोखरच मरते. तिच्यामागे मालमत्ता एमिलीकडे येते, त्याबरोबर सहीची मागणीही येते. जिना चढून एमिली पोहोचली ती स्वतःच्याच भावी जागेवर. या टप्प्यावर ती जे बोलते ते भावविवश नायिकेच्या प्रतिमेत मुळीच बसत नाही. या विषयातील कायदा आपण जाणतो, मालमत्ता आपली आहे, असे ती मॉन्टोनीला तोंडावर सांगते. पुढे सुरक्षिततेच्या आणि सुटकेच्या आशेने ती सही करतेही. आणि सही होताच मॉन्टोनी सुटका लांबणीवर टाकतो.

काळ्या पडद्याचा प्रसंग याच प्रकाशात वाचावा लागतो. एमिली एका निर्जन दालनातील चौकटीवरचा पडदा उचलते आणि मूर्च्छित पडते. तिने काय पाहिले हे निवेदक सांगत नाही. शेकडो पृष्ठांनंतर, कादंबरी संपत आली असता, खुलासा होतो : ती किड्यांनी पोखरलेल्या प्रेताची मेणाची प्रतिकृती होती. गढीच्या एका पूर्वजाला प्रायश्चित्त म्हणून ती समोर ठेवून तिचे चिंतन करण्याची आज्ञा झाली होती. येथवर सर्वांना आठवते. पुढचे वाक्य सहसा कुणी उद्धृत करीत नाही : वंशजांनी ही प्रतिमा जपावी, न जपल्यास मालमत्तेचा ठरावीक भाग चर्चकडे जाईल, अशी अट त्या पूर्वजाने आपल्या मृत्युपत्रात घालून ठेवलेली असते. ज्या पडद्याने दोन शतके वाचकांना घाबरवले त्याच्यामागे एका मृत्युपत्रातील कलम आहे. मॉन्टोनीच्या गढीत ते प्रेत आहे ते कुणाच्या क्रौर्यामुळे नव्हे, तर ते हलवले तर जमीन जाते म्हणून.

एमिलीची सुटका मात्र अगदी त्रोटक आहे. एक नोकर पहारेकऱ्याला चुकवतो, दार उघडे मिळते, काही माणसे पैशाअडक्याशिवाय रस्त्याला लागतात. बाहेर जाण्यात रॅडक्लिफला रस नाही, हे या असमतोलातूनच कळते.

'स्त्री-गॉथिक' ही संज्ञा रूढ करणाऱ्या एलेन मोअर्सने (१९७६) असे निरीक्षण नोंदविले होते की घरात बसवलेल्या स्त्रीला गॉथिक कादंबरीने शीलाला धक्का न लावता प्रवास मिळवून दिला. केट फर्ग्युसन एलिसने (१९८९) या गढीचा संबंध मध्यमवर्गीय गृहसंकल्पनेशी जोडला. दोन्ही मांडण्या मोलाच्या आहेत. बाख्तिनने तर गढीच्या कालावकाशाचे वर्णन करताना पूर्वजांच्या तसबिरी, कौटुंबिक दप्तर आणि वारसाहक्काचे हस्तांतर यांचा एका दमात उल्लेख केला आहे. मात्र त्या दप्तरापर्यंत कोण चालत जाते, हे त्याने विचारले नाही. फूकोचे मत अधिक आकर्षक, पण येथे अपुरे आहे. सत्तेच्या दृष्टीविषयीच्या १९७७ च्या संभाषणात तो या कादंबऱ्यांतील अंधाऱ्या दालनांना प्रबोधनकाळाच्या पारदर्शकतेच्या स्वप्नाची उलटी बाजू मानतो. बेंथॅमचा सर्वदर्शी तुरुंगाचा आराखडा १७९१ सालीच छापला गेला, म्हणजे 'द रोमान्स ऑफ द फॉरेस्ट'च्या वर्षीच. जुळणी मोहक आहे. पण बेंथॅमच्या तुरुंगातील सत्ता बंद्याकडे पाहत राहते. मॉन्टोनी एमिलीकडे कित्येक दिवस पाहतही नाही. त्याला सही हवी आहे.

समकालीन लेखिकांना ही गोष्ट अचूक कळली होती. मेरी वुलस्टनक्राफ्टची अपुरी कादंबरी 'मारिया' तिच्या मृत्यूनंतर १७९८ साली निघाली. तिची नायिका गढीत नाही, खाजगी वेड्यांच्या इस्पितळात आहे. तिला तिथे डांबले आहे तिच्या पतीने, आणि त्याचा डोळा आहे तिच्या मुलीला मिळालेल्या संपत्तीवर. भुयार, पडदा, प्रेत सर्व गळून गेले. कारण तेवढे उरले. जेन ऑस्टिनने उलट सर्व साधने ठेवली आणि आशय बदलला. 'नॉर्दँगर अ‍ॅबी'तील कॅथरीन वादळी रात्री कपाट उघडते आणि तिला कागदांची गुंडाळी मिळते. सकाळी ती धोब्याच्या हिशेबांची निघते. हे विडंबन रॅडक्लिफचा पराभव करते असे शिकवले जाते. मला ते पटत नाही. कॅथरीनला घरी बोलावणारा जनरल टिल्नी तिला मोठी वारस समजत असतो, आणि ती तशी नाही हे कळताच तिला तडकाफडकी घराबाहेर काढतो. कॅथरीनने कपाट चुकीचे उघडले. संशय चुकीच्या माणसावर घेतला नव्हता. विल्की कॉलिन्सच्या 'द वुमन इन व्हाइट'मध्ये (१८५९–६०) तर पती पत्नीसमोर घडी घातलेला दस्त ठेवतो, वरचा मजकूर वाचू देत नाही आणि सही माग म्हणून धरून बसतो. लॉरा न वाचता सही करण्यास नकार देते. तिची रवानगीही वेड्यांच्या इस्पितळातच होते, तीही दुसऱ्या स्त्रीच्या नावाने.

१८७० आणि १८८२ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ताविषयक कायद्यांनी या कथानकाची जमीनच सरकवली. पत्नीची मालमत्ता पत्नीची, हे सामान्य नियम म्हणून मान्य झाल्यावर तिच्या सहीभोवती गढी उभारण्याचे प्रयोजन क्षीण झाले. एका कायद्याने एक वाङ्मयप्रकार संपतो असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, आणि तो संपलाही नाही. पण १८९७ साली ब्रॅम स्टोकरचा 'ड्रॅक्युला' आला तेव्हा गढीत कोंडलेली व्यक्ती वारसदार तरुणी राहिली नव्हती. ती नुकतीच परीक्षा उत्तीर्ण झालेला सॉलिसिटर होती. (स्टोकरने स्वतः १८९० मध्ये बॅरिस्टरची सनद घेतली होती.) जोनाथन हार्कर ट्रान्सिल्व्हेनियात आला आहे तो पर्फ्लीट येथील कारफॅक्स या मालमत्तेच्या खरेदीखतासाठी. आणि येथे सही करतो बंदी करणारा! काउंट आवश्यक त्या कागदांवर सही करतो, हार्कर ते टपालासाठी तयार करतो. गढीतून हक्क हिरावून घेतला जात नाही. गढी स्वतः लंडनलगतची जमीन रीतसर विकत घेते, आणि त्या व्यवहाराचा कायदेशीर हस्तक तिच्याच आत कोंडला जातो. स्टीफन अराटाने १९९० मध्ये या कादंबरीला उलट्या दिशेच्या वसाहतवादाचे भय म्हटले. त्या भयाची पहिली पायरी आक्रमण ही नसून खरेदी ही आहे.

सर्व दारे कुलूपबंद असल्याचे कळल्यावर हार्करही आतच जातो. काउंटची मनाई मोडून तो एका जुन्या दालनात शिरतो, तिथल्या लहानशा ओकच्या मेजावर बसतो आणि लघुलिपीत रोजनिशी लिहितो. पूर्वी येथे एखादी सुंदर स्त्री लाजत, अशुद्ध भाषेत प्रेमपत्र लिहीत बसली असेल, अशी कल्पना तो करतो. म्हणजे आपण एमिलीच्या जागी बसलो आहोत हे त्याला अंधुक कळते. पण त्या जागी स्त्रिया प्रेमपत्रे लिहीत असत, हा त्याचा समज आहे. त्या जागी त्यांच्याकडून दस्तांवर सह्या घेतल्या जात, हे त्याच्यासारख्या कायदेपंडिताला सुचत नाही. आणि त्याच्याकडूनही लिहवून घेतले जातेच. काउंट त्याला पुढील तारखा घालून तीन पत्रे लिहावयास लावतो. त्यांतील शेवटची तारीख २९ जूनची, म्हणजे आपल्या आयुष्याची मुदत, हे हार्कर ओळखतो. त्यानंतर तो भिंतीवरून उतरून काउंटच्या दालनात शिरतो, वर्तुळाकार जिन्याने आणि भुयाराने जुन्या प्रार्थनामंदिरात पोहोचतो. तिथे मातीने भरलेल्या पन्नास पेट्या आहेत, आणि त्यांतील एकीत काउंट निजला आहे. वाटेच्या टोकाला या वेळी मृत्युपत्र नाही, मेलेला मालक स्वतःच आहे. आपल्या जमिनीची माती बरोबर घेऊन तो नव्या जमिनीकडे निघालेला आहे; त्याला वारसाची गरजच नाही.

हार्करची रोजनिशी मात्र वाचते. पुढे मीना ती यंत्रावर टंकलिखित करते, आणि काउंटविरुद्धचा सगळा पाठलाग अशा प्रतींच्या आधारे चालतो. मुळातील हस्तलिखित काउंट जाळून टाकतो. सात वर्षांनी लिहिलेल्या अखेरच्या टिपणात हार्कर नमूद करतो की एवढ्या कागदांच्या ढिगात अस्सल म्हणता येईल असा दस्तऐवज जवळजवळ एकही नाही, आहेत त्या टंकलिखित प्रती. त्यांच्या आधारे कुणी आपल्यावर विश्वास ठेवावा असे आपण म्हणू शकत नाही. त्याच टिपणात असेही आहे की मंडळी त्या वर्षी पुन्हा ट्रान्सिल्व्हेनियात जाऊन आली, आणि गढी पूर्वीसारखीच उभी होती.